नांदवायला तयार

माझं लग्न मंचरच्या बाजारात ठरलं. दादा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी बटाट्याचं बेणं आणायला पिंपळवंडीहून मंचरला जायचे. तिथं त्यांची शिनोलीच्या एका शेतकऱ्याशी ओळख झाली आणि ओळखीची मैत्री झाली. दोघं एकाच दुकानातून बेणं घ्यायचे, एकाच हॉटेलात मिसळ खायचे, आणि दोघांनाही कमी बोलणारी माणसं आवडायची. एका वर्षी बेण्याच्या गोण्यांवर बसल्या बसल्या शिनोलीचे पाहुणे म्हणाले, माझा थोरला भोसरीला कंपनीत लागलाय, तुमची पोरगी बारावी झाली म्हणता. दादा म्हणाले, झाली. एवढ्यावर ठरलं. घरी येऊन दादांनी आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं, आणि मी भाकरी थापत होते ती थापत राहिले. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्याकडं मुलीला विचारायची पद्धत नव्हती, आणि कुणी विचारलं असतं तरी मी होच म्हटलं असतं.

त्या लग्नाचा घटस्फोट व्हायला पुढं दहाएक वर्षं लागली. आता कुणाला सांगितलं की लोक हळहळतात. उमेदीची वर्षं कोर्टात गेली म्हणतात. ते खोटं नाही. पण ती वर्षं आठवायला बसले की मला कोर्ट फार थोडं आठवतं. एस.टी. आठवते, मंचरचा स्टँड आठवतो, धुतलेली टोपी घालून खिडकीशी बसलेले दादा आठवतात. त्यांच्याजवळ इतका वेळ मी आधी कधी बसले नव्हते आणि नंतरही नाही.

शिनोलीचं घर घोडेगावहून भीमाशंकरकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत होतं. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. मी बागायती गावातली, कांदा-ऊस पाहिलेली. भाताची आवणी मला ठाऊक नव्हती. पहिल्या पावसाळ्यात आत्यांनी मला खाचरात उतरवलं तेव्हा माझे पाय गुडघ्यापर्यंत रुतले आणि निघेनात. आत्या कमरेवर हात ठेवून हसत राहिल्या, मग आल्या आणि माझा एकेक पाय मुळा उपटावा तसा उपटून काढला. नंतर त्यांनी रोपाची मूठ कशी धरायची, अंगठ्यानं चिखलात कशी दाबायची, पाठ दुखायला लागली की उभं न राहता बाजूला कसं वाकायचं, सगळं शिकवलं. संध्याकाळी चुलीपाशी पाय शेकत आम्ही दोघी बसायचो. आई-मुलीत असतं तसं काहीतरी आमच्यात तिथंच सुरू झालं.

माझा नवरा भोसरीहून बुधवारी संध्याकाळी यायचा, कारण गुरुवारी कंपनीला सुट्टी. लिहिताना मी त्याला तो म्हणते आहे. तेव्हा मी त्याला ‘ते’ म्हणायचे. वागायला वाईट नव्हता. जेवण झालं की ताट उचलून ठेवायचा, विचारलं तेवढ्याला नीट उत्तर द्यायचा, आणि गरम होतंय म्हणून पडवीत झोपायचा. थंडी पडली तरी तो पडवीतच झोपत राहिला. आत्यांना वाटायचं, पोरगं बुजरं आहे.

उन्हाळ्यात मामांनी त्याला सांगितलं, सुनेला जरा कुठं फिरवून आण. त्यानं मित्राची मोटरसायकल आणली आणि आम्ही आहुप्याला गेलो. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता होता आणि पुढं पुढं तो रस्ता म्हणण्यासारखाही राहिला नाही. आहुप्याला पोहोचलो तेव्हा कड्यावरून खाली कोकण दिसत होतं. मग आम्ही देवराईत जाऊन बसलो. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत ओलसर गारवा होता. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही, असं तो मला सांगत होता, आणि त्याच आवाजात पुढं म्हणाला, "माझं भोसरीत एकीशी जमलंय. लग्नाच्या आधीपासून."

मी त्याच्याकडं पाहिलं. तो खाली पाहत होता.

"वडलांपुढं तोंड उघडलं न्हाई. ती आपल्यातली न्हाई, त्यांनी ऐकलंच नसतं. तुला फसवायचं न्हवतं."

"मग मी काय करू?"

"मला न्हाई म्हाईत," तो म्हणाला.

परत येताना त्यानं वाटेत गाडी थांबवली आणि आम्ही करवंदं खाल्ली. मी बरीच खाल्ली. आपल्याला आत्ता भूक कशी लागते याचं मला नवल वाटत होतं, पण लागली होती.

मी हे कुणाला सांगितलं नाही. तो बुधवारचा यायचा कमी झाला, मग सणापुरता येऊ लागला. शेवटी शिनोलीतलाच, भोसरीत कामाला असलेला एक जण त्या बाईचं मामांना बोलून गेला. मामा दुसऱ्याच दिवशी भोसरीला जाऊन आले. आल्यावर त्यांनी बैलांना पाणी पाजलं, हातपाय धुतले आणि मला हाक मारली. म्हणाले, "या घरची सून तू हाईस. दुसरी कोन आमची लागत न्हाई." त्यांच्या दृष्टीनं त्यांनी माझा न्यायच केला होता. मुलाला त्यांनी बजावून सांगितलं होतं की हिला सोडलीस तर घराची पायरी चढू नकोस.

पंचमीला दादा मला न्यायला आले आणि मी पिंपळवंडीला गेले ती परतले नाही. विहिरीवर धुणं धुताना आईला सगळं सांगितलं. आईनं दादांना सांगितलं. मग बैठका सुरू झाल्या. एक शिनोलीच्या मारुतीच्या देवळात, एक आमच्या ओसरीवर, पुन्हा एक शिनोलीत. दोन्हीकडची जाणती माणसं एकच बोलायची, चार दिवस थांबा, पोरगं ताळ्यावर येईल. ते चार दिवस दोन वर्षं चालले. कोर्टाची पायरी चढण्याआधीच ही दोन वर्षं गेली, आणि घटस्फोटाला किती काळ लागला हे मोजताना लोक ती धरत नाहीत.

एका दुपारी जेवताना मी म्हणाले, "दादा, मला फारकत पायजे." आईचा वाढता हात थांबला. आमच्या भावकीत तोवर कुणी मुलीनं असं म्हटलं नव्हतं. दादा काही बोलले नाहीत. कांद्याची लागण झाली, खुरपणी झाली, काढणी झाली, कांदा साठवणीच्या चाळीत भरला, तरी ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, विषय मिटला. मग एका सकाळी त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल, जुन्नरला वकिलाला भेटू."

वकील पेठेत एका माडीवर बसायचे. म्हातारे होते आणि कान देऊन ऐकायचे. माझं सगळं ऐकून झाल्यावर दादांनी विचारलं, किती दिस लागतील? वकील म्हणाले, "दोघं राजी असाल तर अर्ज टाकल्यावर सहा महिने थांबावं लागतं, मग उरकतं. एक जण जरी नाही म्हणाला, तर मी शब्द देणार नाही. कोणी तसा शब्द दिलाच तर त्याच्याकडं जाऊ नका."

दादा म्हणाले, पोरगा तर राजीच असंल. मलाही तसंच वाटलं. जिला सोडायची आहे तिला सोडायला कोण नाही म्हणेल? येताना एस.टी.त दादा मला समजावत होते की सहा महिने म्हणजे फार नाही, एक पीक हातात येईस्तोवर निघून जातील.

पण तो राजी आहे असं लिहून द्यायला कोणी पुढं आलंच नाही. मग दावा एकतर्फीच लावावा लागला, आणि आमच्या भागातले असले दावे तेव्हा घाटापलीकडच्या मोठ्या कोर्टात चालायचे. बेलीफ समन्स घेऊन शिनोलीला गेला, तर तो तिथं राहत नाही म्हणून परत आला. भोसरीचा पत्ता दिला, तर त्यानं खोली बदलली होती. तिसऱ्यांदा नवा पत्ता शोधून दिला तोवर एक पावसाळा होऊन गेला होता. समन्स लागलं आणि तो कोर्टात आला तेव्हा बरोबर मामा होते. त्यांच्या वकिलानं लेखी कैफियत दिली. त्यात होतं की नवरा बायकोला नांदवायला तयार आहे.

मी ते वाचलं आणि त्याच्याकडं पाहिलं. आहुप्याला पाहत होता तसाच तो खाली पाहत होता.

आमच्या वकिलांनी मला बाजूला घेऊन समजावलं. तो तयार नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्याला माहीत आहे, मलाही कळतंय. पण कागदावर तो तयार आहे. आता दुसरी बाई आहे हे आपल्याला शाबीत करावं लागेल. भोसरीतून कोण साक्षीला येईल? मी म्हणाले, त्यानं मला स्वतः सांगितलंय. कुणादेखत, त्यांनी विचारलं. देवराईत तेव्हा आम्ही दोघंच होतो.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. कधी जजसाहेब रजेवर असायचे. एकदा साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत बराच काळ गेला. मे महिन्यात सुट्टी. त्यांचे वकील आजारी पडले, मग त्यांनी वकील बदलला, नव्या वकिलानं कागद वाचायला मुदत मागितली. आईचं ऑपरेशन निघालं तेव्हा आम्हीच मुदत मागितली, आणि ऐन कांदाकाढणीत तारीख आली तेव्हाही. सगळा दोष समोरच्यांवर टाकायला मला आवडेल, पण तसं नव्हतं.

मधे एकदा आमचे वकील म्हणाले होते की समोरचा मुलगा आतून राजी दिसतो, आपण संमतीचा अर्ज पुढं करून बघू. तेव्हा दादाच नाही म्हणाले. ती नांदवायला तयार असल्याची कैफियत आल्यापासून त्यांना निकालात लिहून हवं होतं की पोरीचा दोष नव्हता. संमतीनं सोडलं म्हणजे लोक म्हणतील, हिचंही काही असेल. वकिलांनी समजावून पाहिलं, पण दादा हलले नाहीत. मामा सून सोडायला तयार नव्हते आणि दादा दोष ठरल्याशिवाय हटायला तयार नव्हते. खटला आमच्या दोघांच्या नावावर होता, पण तो पुढं सरकू देत नव्हते ते हे दोघं जुने मित्र.

तारखेचा दिवस मात्र मला हळूहळू आवडू लागला होता, हे कबूल करायला हवं. पहाटे आई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून द्यायची. नारायणगावच्या स्टँडवर दादा मला आधी चढवायचे, खिडकीची जागा धरायला लावायचे, आणि मी जागा धरली की स्वतःच तिथं बसायचे. त्यांना शेतं बघायची असायची. कुणी काय पेरलंय, कुणाचा ऊस पडलाय, कुणाची विहीर लागली, असं ते मला सांगत राहायचे. घरी ते इतकं बोलत नसत. माझं लग्न व्हायच्या आधी आम्ही दोघं कधी एकत्र गावाला गेलोच नव्हतो. आईचं लग्न कसं ठरलं, लहानपणी ते डोंगरात हरवले तेव्हा काय झालं, आजोबांशी त्यांचं का पटत नव्हतं, हे सगळं मला त्या एस.टी.त कळलं. घाट लागला की ते गप्प व्हायचे. त्यांना गाडी लागायची, पण ते कधी मान्य करायचे नाहीत. मी पिशवीतून लिंबू काढून नुसतं त्यांच्या हातात द्यायचे.

शिनोलीकडची माणसं मंचरला गाडी धरत. त्यामुळं कित्येकदा फिर्यादी आणि समोरचे एकाच एस.टी.त असायचे. सुरुवातीला मामा आम्हाला पाहून मागं जाऊन उभे राहायचे. एकदा गाडी गच्च भरलेली होती. मी बाईमाणसांच्या सीटवर पुढं बसले होते आणि दादांच्या शेजारची एकच जागा रिकामी होती. मामा चढले, त्यांनी ती जागा पाहिली आणि उभेच राहिले. कंडक्टर ओरडला, "ओ बाबा, बसा की, जागा हाय तर रस्ता का अडवताय?" मामा बसले. दोघं सरळ पुढं बघत होते. दोघांच्या मांडीवर सारखीच खताच्या गोणीची शिवलेली पिशवी होती. पेठ गाव मागं पडलं तेव्हा मामा म्हणाले, "पावणं, औंदा बेणं कुठलं घेतलं?"

दादांनी मांडीवरची पिशवी सावरली. मला वाटलं, उत्तर देणारच नाहीत.

"घ्यायचंय अजून," ते म्हणाले.

"मंचरला नवं दुकान झालंय. बेणं बरं हाय त्याच्याकडं."

तेवढंच. पण पुढच्या हंगामात दादांनी बेणं त्या नव्या दुकानातून आणलं. मग तारखेला दोघं शेजारी बसू लागले. कोर्टाच्या आवारात टपरी होती, तिथं पुकारा होईस्तोवर दोघं बाकावर बसून चहा प्यायचे. आमच्या वकिलांनी एकदा ते पाहिलं आणि दादांना बाजूला घेऊन रागावले. दावा चालू असताना समोरच्या पार्टीबरोबर चहा पिता, लोक काय समजतील? दादा म्हणाले, "सायेब, दावा पोरांचा हाय. च्या आमचा हाय." आत गेल्यावर मात्र दोघंही आपापल्या हट्टावर तसेच उभे राहायचे.

आत्या मामांच्या हाती माझ्यासाठी काही ना काही पाठवायच्या. नव्या भाताचे तांदूळ, कधी वाळवलेली करटुली, एकदा स्वतः शिवलेली गोधडी. ती गोधडी घेऊन मी कोर्टात बसले होते. मामा ती माझ्या हातात देताना म्हणाले, "थंडी लई पडलीया, म्हनं, पोरीला द्या." आणि नंतर आत जाऊन त्यांच्या वकिलानं पुन्हा सांगितलं की नवरा नांदवायला तयार आहे.

याच वर्षांत मी रोपं करायला लागले. माहेरी परत आलेल्या मुलीला काम भरपूर असतं, पण स्वतःचं असं काही नसतं. तारखेला जाता-येता एक रोपवाटिका रस्त्यावरून दिसायची. एकदा मी दादांना म्हणाले, उतरून बघू या का? आम्ही उतरलो आणि पुढची गाडी मिळेपर्यंत बघत राहिलो. घरी आल्यावर दादांनी विहिरीजवळचा एक पट्टा मला दिला. पहिल्यांदा गादीवाफ्यावर टोमॅटोचं रोप टाकलं. अर्धं मेलं. दुसऱ्या खेपेला जगलं. मग ट्रे आले, वर हिरवी जाळी आली, झेंडू, कोबी, मिरची सुरू झाली. शेजारच्या गावांतून लोक यायला लागले. पाणी घालताना ओल्या कोवळ्या रोपांचा जो वास यायचा त्यात मी पुष्कळ गोष्टी विसरायचे. सकाळी जाळीखाली शिरले की दुपारपर्यंत मला घटस्फोट आठवायचा नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका दुपारी मी ट्रे भरत होते, तर फाटकाशी आत्या उभ्या. एकट्याच आल्या होत्या, दोन गाड्या बदलून. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरी आल्या नव्हत्या. आईनं त्यांना पाणी दिलं, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून थोडं रडल्या, मग आत्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि दादांना बोलवा म्हणाल्या.

त्या भोसरीला जाऊन आल्या होत्या, मामांना न सांगता. तिथं मुलाला एक मुलगी होती. शाळेत घालायच्या वयाची झाली होती. आत्यांना पाहून ती आतून तांब्या घेऊन आली होती.

"ती पोर मला आजी म्हन्ली," आत्या म्हणाल्या. "म्या तिला काय सांगू? तुझी आई आमची कोन लागत न्हाई, म्हनून सांगू?"

आत्या दादांकडं वळल्या. "आमच्या घरचा हट्ट म्या मोडते. तुमचा तुमी मोडा, दादा. पोरीचा दोष न्हाई हे सगळ्या जगाला म्हाईत हाय. कोर्टानं लिवलं म्हंजी काय जादा व्हनार हाय?"

दादा जमिनीकडं बघत होते. मग आत्यांनी मला विचारलं, "तुला काय पायजे, ते तू सांग."

इतक्या बैठका झाल्या, इतक्या तारखा झाल्या, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. "मला आता कुनाचा दोष नको," मी म्हणाले. "मोकळं व्हायचंय."

दादा उठून बाहेर गेले. आत्यांना एस.टी.वर सोडायला तेच गेले आणि आले तेव्हा आईला एवढंच म्हणाले की वकिलाला फोन करायचाय.

शिनोलीत काय झालं ते मला आत्यांनी नंतर सांगितलं. खळ्यावर भात झोडपताना त्यांनी मामांना सगळं सांगितलं. मामा हातातली पेंढी टाकून निघून गेले आणि बरेच दिवस आत्यांशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, उठायचे. मग एक दिवस त्यांनी विचारलं, पोर दिसायला कुनावर गेलीया? आत्या म्हणाल्या, तुमच्यावर. पुढच्या तारखेला मामा एस.टी.त दादांच्या शेजारी बसल्यावर म्हणाले, "पावणं, त्या गोण्यांवर बसून आपन दोघांनी ठरवलं, तिथं माझंच चुकलं. पोराला इचारायला पायजे व्हतं."

"मी तरी कुठं इचारलं?" दादा म्हणाले.

मी पुढच्या सीटवर होते. मागं वळून पाहिलं नाही.

जुना दावा काढून घेतला आणि दोघांच्या सह्यांचा अर्ज गेला. साहेबांनी दोघांना विचारलं, कुणाचा दबाव नाही ना, आणि पुढची तारीख दिली. आता सहा महिने थांबायचं होतं, विचार बदलला तर बदलावा म्हणून. आमच्या वकिलांना हसू आलं. म्हणाले, तुमच्याइतका विचार करून या कोर्टात कुणी आलं नसेल, पण कायदा आहे.

ते सहा महिने झाल्यावर शेवटच्या तारखेला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, वकील बोलायचे. त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्यानं मुलीचं सांगितलं, मी रोपांचं सांगितलं. मग दोघंही आवारातल्या माणसांकडं बघत बसलो.

"आहुप्याला तू रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं," तो म्हणाला. "काहीच बोलली न्हाईस. मला लई भ्या वाटलं व्हतं."

"मला भूक लागली व्हती," मी म्हणाले.

त्याला आधी कळलं नाही. मग करवंदं आठवली आणि तो हसला. मीही हसले. नवरा-बायको म्हणून आम्ही एकत्र हसलो असू तर ते तेवढंच. तेवढ्यात पुकारा झाला.

आत फार वेळ लागला नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, आम्ही पुन्हा हो म्हणालो, त्यांनी लिहिलं. बाहेर आलो तर दादा आणि मामा टपरीवर होते आणि त्या दिवशी आत्याही आल्या होत्या. मला वाटलं होतं की मोकळं मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही. परीक्षा संपल्यावर दुसऱ्या दिवशी लवकर जाग येते आणि उठून करायचं काय ते कळत नाही, तसं वाटलं. आत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवलीस का म्हणून विचारलं. तो तिथूनच भोसरीला गेला आणि येताना आम्ही चौघं एकाच गाडीत होतो. मंचरला मामा आणि आत्या उतरले. आत्या खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि गाडी सुटेपर्यंत माझा हात धरून होत्या. पुढं नारायणगावपर्यंत दादा काही बोलले नाहीत. शेतंही त्यांनी पाहिली नाहीत. त्यांना चुकल्यासारखं होत होतं की काय कुणास ठाऊक. मला मात्र होत होतं. आता या रस्त्यानं आम्ही दोघं पुन्हा कशाला येणार, असं मनात येत होतं.

आम्ही एकत्र पुन्हा त्या घाटात गेलो नाही, हे खरंच झालं.

तीनेक वर्षांनी माझं दुसरं लग्न झालं. ओतूरकडचे एक जण रोपं न्यायला यायचे. त्यांची पहिली बायको वारली होती. या वेळी त्यांनी आधी मला विचारलं, मग दादांना. लग्न आमच्याच अंगणात, थोडक्या माणसांत केलं. दादांनी कुणाला न विचारता शिनोलीला निरोप पाठवला होता. आत्यांचे गुडघे दुखायला लागले होते म्हणून त्या आल्या नाहीत, पण मामा आले. धुतलेलं धोतर, कडक टोपी, हातात आहेराची साडी. ओतूरच्या पाहुण्यांपैकी कुणीतरी त्यांना विचारलं, तुमी कुनाकडचे? मामा म्हणाले, "पोरीकडचा."

त्या लग्नाचे फोटो माझ्याकडं आहेत. आई आहे, वकील आहेत, गावातली निम्मी माणसं आहेत. दादा आणि मामा मात्र एकाही फोटोत नाहीत. फोटोवाला सगळ्यांना उभं करत होता तेव्हा दोघं घरामागं गेले होते. त्या वर्षी दादांनी कांद्याची चाळ नव्यानं बांधली होती, खालून वारा खेळेल अशी, आणि ती मामांना दाखवायची राहिली होती.